नोकरी शोधताना सोशल मीडिया कसा सांभाळावा?

अर्ज आला की अनेक कंपन्या उमेदवाराचे नाव इंटरनेटवर शोधतात. त्यामुळे आधी स्वतःच लॉगआऊट करून आपले नाव शोधा. परक्याला काय दिसते ते कळेल.

फेसबुकवर 'लिमिट पास्ट पोस्ट्स' ही सेटिंग वापरली की जुन्या सार्वजनिक पोस्ट फक्त मित्रांना दिसतात. शिवीगाळ, अफवा, व्यक्तिगत निंदा काढून टाका. विचार आणि चळवळीतील सहभाग मात्र पुसण्याची गरज नाही. अभ्यासिका चालवली, रक्तदान शिबिर घेतले असेल, तर लिंक्डइनवर तुमची जबाबदारी आणि झालेले काम आकड्यांसह लिहा.

सरकारी नोकरी हवी असेल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 वाचून ठेवा. राजकारणातील सहभाग आणि शासनावरील जाहीर टीका यांवर त्यात निर्बंध आहेत. ते नियुक्तीनंतर लागू होतात.

संविधानाच्या कलम 16(2) नुसार सरकारी नोकरीत जात-धर्मावरून भेदभाव करता येत नाही. खासगी कंपन्यांना हे कलम लागू नाही. तिथे आपली ओळख प्रोफाइलवर किती मांडायची, हे घाबरून न ठरवता विचार करून ठरवा.