बूट जखडणारे पेडल ‘क्लिपलेस’ कसे?

बूट पेडलला घट्ट जखडला जातो, तरी नाव ‘क्लिपलेस’! पूर्वीचे शर्यतपटू पाऊल पेडलवरच्या पिंजऱ्यात, म्हणजे ‘टो-क्लिप’मध्ये घालून चामडी पट्ट्याने आवळत. तो पिंजरा गेला, नाव मात्र त्याच्या अभावावरून पडले.

१९७० च्या दशकारंभी इटलीच्या चिनेल्लीने एम-७१ आणले. त्यातून पाय सोडवण्यास खाली वाकून हाताने खटका सरकवावा लागे. पडता पडता हे कोणास सुचणार? उत्तर सापडले बर्फावर. स्कीचे बंध बनवणाऱ्या फ्रान्सच्या ‘लुक’ने १९८४ मध्ये टाच बाहेर वळवताच सुटणारे पेडल काढले आणि बर्नार इनोने १९८५ ची तूर द फ्रान्स त्यावरच जिंकली.

‘लुक’चा तीन बोल्टांचा क्लीट तळव्याबाहेर येतो, चालणे बदकाचे होते. शिमानोच्या एसपीडीने १९९० मध्ये दोन बोल्टांचा क्लीट तळव्याच्या खाचेत दडवला. जालना एमआयडीसीतील सळईच्या कारखान्यापर्यंत सायकल आणि फाटकापासून पायी, असा ज्याचा दिवस, त्याने एसपीडीच घ्यावे. स्प्रिंग मात्र आरंभी सैल ठेवावी. पुढचा सळयांनी लादलेला ट्रक अचानक थांबला, तर टाच वळवण्यास क्षणभरच मिळतो.