हजेरीपट आणि माप

कामगारांच्या चळवळीत हयात घालविलेल्या आमच्यासारख्यांना एक प्रश्न सतत पडत आला आहे : काम कोणी केले, हे ठरवावयाचे कसे? गिरणीत हजेरीपटावर दिवस मोजले जात आणि विणकराच्या मागावर कापडाचे वार मोजले जात. माप बदलले की मजुरी बदले. कष्टाळू कोण आणि कामचुकार कोण, हेही बदले. हाच प्रश्न आमच्या काळात एका अगदी निराळ्या कारखान्यात उभा राहिला. त्याची हकीकत आपणांस सांगावयाची आहे.

वाचकानेच पान उघडून दुरुस्त करावे, अशी 'विकी' नावाची सोय वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली केली. तिच्याच पायावर १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया हा ज्ञानकोश इंटरनेटवर उभा राहिला. मराठी आवृत्ती १ मे २००३ ला, म्हणजे कामगार दिनी निघाली, याचे आम्हांस अगत्य वाटते. येथे मुकादम नाही, मजुरीही नाही. परंतु हजेरीपट आहे, आणि असा हजेरीपट कोणत्याही गिरणीत नव्हता. कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या मिनिटाला काय घातले आणि काय खोडले, याची नोंद प्रत्येक पानामागे राहते. हे दप्तर कोणालाही उतरवून घेता येते. आरंभीच्या काही महिन्यांच्या नोंदी मात्र हरवल्यासारख्याच होत्या. टिम स्टार्लिंग यांना त्यांची जुनी प्रत सापडली ती डिसेंबर २०१० मध्ये.

दप्तर खुले म्हटल्यावर संशोधक आले. फर्नांडा व्हिएगस आणि मार्टिन वॉटनबर्ग यांनी प्रत्येक लेखकाला एकेक रंग देऊन लेखांचे पट काढले. २००४ साली त्यांनी दाखविले की, कोणी सबंध लेख पुसला तरी तो बहुधा काही मिनिटांतच पूर्ववत होतो. पहारा होता, पण पहारेकरी कोणी नेमलेला नव्हता.

मग मापाचा तंटा निघाला. संस्थापक जिमी वेल्स सांगत की, निम्म्याहून अधिक संपादने शेकडा ०.७ सदस्यांनी, म्हणजे अवघ्या ५२४ जणांनी केली आहेत. २००६ साली अ‍ॅरन स्वार्ट्झ या तरुणाने संपादनांची संख्या सोडून शेवटी लेखात टिकलेली अक्षरे मोजली. त्याने तपासलेल्या लेखांत चित्र उलटे निघाले : नेहमीची मंडळी साफसफाई करीत होती, आणि खरा मजकूर एकदोनदा येऊन गेलेल्या अनोळखी माणसांचा होता. आमच्या भाषेत सांगावयाचे तर कापड बदली कामगारांनी विणले होते! परंतु २००७ साली मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी तिसरे माप घेतले. कोणाचे शब्द किती वेळा वाचले गेले, हे त्यांनी पाहिले; तेव्हा हजारात एक संपादक जवळजवळ निम्म्या श्रेयाचा धनी ठरला. दप्तर तेच, मापे तीन, उत्तरेही तीन.

याच दप्तरातून २०१३ साली आणखी एक गोष्ट उघड झाली. इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घटत गेली होती. नवख्यांचे प्रामाणिक लेखनसुद्धा झटपट खोडले जात होते, आणि त्यात यंत्रांचाही हात होता. दारातूनच परतविलेला गडी पुन्हा येत नाही, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको.

दप्तराला दुसरी बाजूही आहे. माणूस केव्हा जागा असतो, कशात रमतो, कोणत्या मताचा आहे, हे त्याच्या नोंदींवरून ताडता येते. बेलारूसमध्ये २०२२ साली युक्रेनच्या युद्धाविषयी लिहिणाऱ्या एका संपादकाचे नाव जाहीर करण्यात आले आणि त्याला अटक झाली. नोंद खुली आहे एवढ्याने ती वाटेल तशी वापरण्याचा अधिकार मिळत नाही.

म्हणून आमचे मागणे तीन कलमांचे आहे. संशोधकाने आपले माप कोणते, हे आधी सांगावे. समूहाचा हिशेब पुरत असेल तेथे नावे गाळावीत. आणि निघालेला निष्कर्ष, ज्यांनी बिनमजुरीने हे काम केले, त्यांच्यापुढे प्रथम ठेवावा.