कोंकणकिनाऱ्यावरील वाहननिर्णय : स्थलपथ, वारिपथ आणि तर

कोंकणच्या किनाऱ्यानें प्रवास करणाऱ्यास आज मुख्यतः तीन साधनें उपलब्ध आहेत : एस. टी.ची बस, खाडी ओलांडणारी फेरीबोट आणि भाड्याची मोटार. यांपैकीं कोणतें घ्यावें हा प्रश्न वरकरणी निव्वळ सोयीचा वाटतो. परंतु त्याचा विचार आपल्या प्राचीन ग्रंथकारांनीं केलेला आहे, व जुन्या कागदांतील प्रवासवर्णनांचा अर्थ लावतांना संशोधकासही तो करावा लागतो. वाहनाच्या नांवापेक्षां तिथि आणि खाडी या दोहोंवरच हा निर्णय अवलंबून असतो, असें आमचें मत आहे. त्याचीं प्रमाणें येथें देतों.

आम्ही हें जिंतुरांत बसून लिहीत आहों, म्हणून कोणास नवल वाटेल. जिंतुरास आगगाडी नाहीं आणि समुद्र तर फारच दूर. तथापि गोदावरीच्या खोऱ्याचा व किनाऱ्याचा संबंध जुना आहे. सातवाहनांच्या पैठणाहून माल जुन्नरावरून नाणेघाटानें कल्याण व सोपारा या बंदरांकडे उतरत असे. घाटमाथ्यापर्यंत निवड करण्याजोगें फारसें कांहीं नसे. खरा प्रश्न घाट उतरल्यावर उभा राहत असे, आणि आजही तेथेंच उभा राहतो.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणांत वारिपथ श्रेष्ठ कीं स्थलपथ श्रेष्ठ असा वाद आला आहे. पूर्वाचार्यांच्या मतें जलमार्ग बरा. कारण त्यास खर्च व श्रम थोडे आणि माल पुष्कळ जातो. कौटिल्यास हें मान्य नाहीं. जलमार्गांत गति कोंडली जाते, तो सर्व काळीं उपयोगी पडत नाहीं, त्यांत भय मोठें व संकट आल्यास उपाय नाहीं, असे चार दोष तो दाखवितो. मात्र जलमार्गच धरणें झाल्यास भर समुद्रांतून जाण्यापेक्षां किनाऱ्याकांठचा कूलपथ बरा, कारण त्यावर बंदरें पुष्कळ, असेंही तो सांगतो. या विवेचनांतील ‘असार्वकालिक’ हा शब्द आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आतां मराठ्यांच्या इतिहासांतील उदाहरण पाहूं. शके १५८६ च्या माघांत, म्हणजे फेब्रुवारी १६६५ मध्यें, शिवाजी महाराज मालवणाहून आरमारासह बसरूरच्या स्वारीवर गेले. परततांना त्यांनीं गोकर्णास तीर्थस्नान केलें. कारवारच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रावरून असें दिसतें कीं, त्यानंतर महाराजांनीं मोठें आरमार पुढें लावून दिलें, ४,००० पायदळ आपणांजवळ ठेविलें, आणि वाटेंतील नद्या उतरण्यापुरतीं १२ गलबतें राखून ते अंकोल्याकडे निघाले. हा तपशील आम्हांस फार मोलाचा वाटतो. ज्याच्याजवळ सबंध आरमार होतें त्यानें परतीस पायवाट धरिली व नौकांचा उपयोग केवळ तरीसारखा केला. स्थलपथ कीं वारिपथ हा वाद या कृतींत उरतच नाहीं : दोन खाड्यांमधील भूमि पायांनीं आणि खाडी नावेनें, असा मिश्र मार्ग त्यांनीं स्वीकारला. पुढें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमाराच्या पावसाळी छावणीविषयीं उपदेश आला आहे, तोही जलमार्गाच्या याच असार्वकालिकत्वाची साक्ष देतो.

आजचा किनारा या दृष्टीनें फारसा बदललेला नाहीं. आगरदांडा व दिघी, बागमांडला व वेशवी, दाभोळ व धोपावे, जयगड व तवसाळ या जोडठिकाणांमध्यें खाडी आडवी आहे. दाभोळ येथें वाहनांसह माणसें नेणारी फेरीबोट २००३ सालीं सुरू झाली, व पुढें इतर खाड्यांवरही तशा बोटी आल्या. कौटिल्याच्या नावध्यक्ष प्रकरणांत तरीचे दर दिले आहेत. ओझें घेतलेल्या माणसास एक माषक, गाय किंवा घोडा यांस दोन, उंट व म्हैस यांस चार आणि मोठ्या गाड्यास सात. मनुस्मृतींतही नदीवरील तरीचें भाडें देशकालानुसार ठरवावें, समुद्रास मात्र असा नियम नाहीं, असें म्हटलें आहे. भाड्याच्या मोटारीचा विचार करणाऱ्यानें हें तत्त्व ध्यानीं ठेवावें. गाडी बरोबर घेतली म्हणजे तरीवर तिचें भाडें वेगळें द्यावें लागतें, आणि बोट बंद असल्यास गाडी कांठावरच अडते. बसच्या उतारूस असा पाश नसतो. तो एका तीरावर उतरून पायींच नावेंत चढतो व पलीकडे दुसरी बस धरतो. उलटपक्षीं, चार-पांच माणसांचें कुटुंब, वृद्ध किंवा आजारी मनुष्य बरोबर असल्यास, अथवा आडबाजूचा किल्ला, मठ किंवा दप्तर पाहणें असल्यास, मोटारीचा खर्च वाजवी ठरतो. तर चुकविण्यासाठीं लांबचा वळसा घेणाऱ्याची गत मात्र पुष्कळदां घट्टकुटीप्रभात न्यायासारखी होते : रात्रभर आडरानांतून हिंडावें आणि पहांटे पाहावें तों जकातीच्या नाक्यापुढेंच उभे !

येथवर खाडीचा विचार झाला. आतां तिथीचा. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट वादळी समुद्रांत बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. तो शके १८६९ च्या आषाढाचा वद्य पक्ष, अमावास्येच्या अगदीं तोंडावरचा दिवस होता. पुढें २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूल पुरांत वाहून गेला, त्याबरोबर एस. टी.च्या दोन बसगाड्या व एक खासगी मोटार गेली. पंचांग उघडून पाहतां तो दिवस शके १९३८ मधील आषाढ अमावास्येचा निघतो. एक अपघात जलमार्गावरचा, दुसरा राजमार्गावरचा, मध्यें ६९ वर्षांचें अंतर, वाहनेंही निराळीं. तिथि मात्र जवळजवळ तीच. इंग्रजी तारखांवरून हें साम्य लक्षांत येत नाहीं. तिथि अपघात घडवीत नाहीं हें उघड आहे. परंतु आषाढांत नद्यांस पूर आणि समुद्रास वारा असतो व अमावास्येस उधाणाची भरती येते, ही गोष्ट किनाऱ्यावरच्या कोळ्यांस व नावाड्यांस पूर्वापार ठाऊक आहे.

उलट प्रमाणही मांडलें पाहिजे. ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं, म्हणजे कार्तिक पौर्णिमा नुकतीच उलटली असतां, ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशीं बुडाल्या. पावसाळा सरल्यावरही समुद्रांत वादळ होतें. यास्तव ‘हंगाम सुरू झाला’ एवढ्यावर निर्धास्त होऊं नये, इतकाच त्याचा अर्थ.

एकंदर विचार करतां आमचा निर्णय असा कीं, कार्तिकापासून वैशाखापर्यंत, हवा निवळ असतां, बस किंवा मोटार आणि खाडीवर तर हा कूलपथ सर्वांत चांगला. आषाढ-श्रावणांत बोटीचा आग्रह धरूं नये. बसही पुलापाशीं पाणी चढलें असल्यास थांबूं द्यावी, आणि भाड्याच्या मोटारवाल्यास रात्रीं पाण्यांत गाडी घालावयास भाग पाडूं नये. वेळ वांचविण्याची घाई हीच कौटिल्यानें सांगितलेल्या निष्प्रतीकार भयाची जननी आहे.

संग्राहकांस एक विनंति करून हा लेख पुरा करतों. प्रवासाचें जुनें पत्र हातीं आल्यास ‘जलमार्गें आलों’ किंवा ‘खुष्कीनें आलों’ एवढें टिपून थांबूं नये. मिति अवश्य ताडून पाहावी, म्हणजे लिहिणाऱ्यानें तो मार्ग कां धरिला याचा उलगडा होईल. तसेंच आगबोटींचीं तिकिटें, वेळापत्रकें व तरीच्या भाड्याचे फलक हे रद्दी समजून टाकूं नयेत. कोणत्या महिन्यांत कोणती वाट बंद असे, हें मोठ्या ग्रंथांत क्वचितच सांपडतें. तें अशा चिठोऱ्यांतच सांपडावयाचें.