एका आईची यादी



सांधे धरले की रुग्णाच्या मनात ठरावीक प्रश्न येतात. हे मलाच का झालं? घरात आणखी कुणाला होईल का? हा वात आहे की कसला संसर्ग? गर्दीच्या ओपीडीत या प्रश्नांना वेळ मिळतोच असं नाही. आज आपण अशाच एका प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. तो अमेरिकेतल्या एका आईने विचारला आणि त्यातून एक आजार नव्याने ओळखला गेला.

कनेक्टिकट राज्यात, कनेक्टिकट नदी समुद्राला मिळते त्या भागात, लाइम नावाचं छोटं गाव आहे. घरांच्या मागे दाट झाडी, अंगणापर्यंत येणारी हरणं. पॉली मरे तिथे नवरा आणि मुलांसह राहत होत्या. त्या चित्रकार होत्या. कित्येक वर्षं त्यांना ताप, डोकेदुखी, अंगावर चट्टे आणि सांध्यांची सूज यांनी हैराण केलं होतं. तपासण्या व्हायच्या, हाती काही लागायचं नाही. हे सगळं मनाचे खेळ आहेत, असंही त्यांना सुचवलं गेलं. मग मुलांचे गुडघे सुजले. निदान झालं, बालवयातला आमवात.

इथे मरेबाई अडल्या. हा आजार तर क्वचित होणारा, आणि एकाचा दुसऱ्याला न लागणारा. मग आमच्या घरात इतक्या जणांना कसा? शेजारच्या मुलांना कसा? त्यांनी नोंदी ठेवायला सुरुवात केली. कुणाला, कधी, कुठे राहणाऱ्याला, कोणता सांधा. १९७५ साली त्यांनी राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं. त्याच सुमारास परिसरातल्या दुसऱ्या एका आईनेही हीच तक्रार नोंदवली होती.

त्यांचं म्हणणं ऐकून घेणारा माणूस भेटला येल विद्यापीठात. ॲलन स्टीअर हे तरुण डॉक्टर तिथे संधिवातशास्त्र शिकत होते, पण त्याआधी त्यांनी साथरोगांचा माग काढायचं प्रशिक्षण घेतलं होतं. मरेबाईंची यादी त्यांनी बाजूला सारली नाही, तिथूनच काम सुरू केलं.

लाइम, ओल्ड लाइम आणि ईस्ट हॅडम या तीन गावांत मिळून वस्ती सुमारे १२,००० ची. तिथे ५१ रुग्ण सापडले, त्यांतली ३९ मुलं. काही रस्त्यांवर तर दर दहा मुलांमागे एक आजारी. बहुतेकांचा आजार उन्हाळ्यात किंवा त्यानंतर लगेच सुरू झालेला. एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या वर्षी आजारी पडलेली, म्हणजे ते एकमेकांकडून लागत नव्हतं. आणि साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांना आठवत होतं, की आधी अंगावर एक लाल चट्टा उठला होता आणि तो गोल गोल पसरत गेला होता.

हा चट्टा युरोपातल्या त्वचारोगतज्ज्ञांना जुना परिचित होता. स्वीडनच्या आर्विड अफझेलिअस यांनी १९०९ मध्येच त्याचा संबंध गोचिडीच्या चाव्याशी जोडला होता. पण तो विषय त्वचेच्या डॉक्टरांचा, आणि गुडघे संधिवाताच्या डॉक्टरांचे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या शरीरावर घडत होत्या, हे त्या माणसाशिवाय दिसणार कुणाला?

पुढे नदीच्या पूर्वेला पश्चिमेपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण आढळले, आणि गोचिडीही तिकडेच जास्त. एका रुग्णाने तर आपल्याला चावलेली गोचीड जपून ठेवली होती! तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, त्यामुळे बहुतेकांना चावा कळतच नाही. शेवटी १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या पोटात मळसूत्रासारखा जिवाणू दिसला. त्याला त्यांचंच नाव मिळालं, बोरेलिया बर्गडॉर्फेरी. आमवात समजला गेलेला तो आजार म्हणजे संसर्ग होता, आणि प्रतिजैविकांनी बरा होणारा.

आता एक सावधगिरी. हे ऐकून कुणी आमवातावर स्वतःच्या मनाने प्रतिजैविकं सुरू करू नयेत. खऱ्या आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. तिथे प्रतिजैविक तो आजार बरा करत नाही, आणि योग्य उपचार लांबले तर सांधा कायमचा बिघडू शकतो. शिवाय दोन्हींमधली रेघ नेहमी सरळ नसते. लाइमच्या काही मोजक्या रुग्णांत जिवाणू गेल्यावरही प्रतिकारशक्ती शांत होत नाही आणि सूज रेंगाळते.

आपल्याकडे लाइमची चिंता करायचं फारसं कारण नाही, पण मरेबाईंचा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. चिकुनगुनिया आठवा. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची साथ आली, मग तीसेक वर्षं तो जवळपास विस्मरणात गेला, आणि २००५-०६ मध्ये अनेक राज्यांत परतला. ताप उतरल्यावरही कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने दुखत राहिले. अशा वेळी "गल्लीत आणखी कुणाला ताप आला होता का?" या एका प्रश्नाने निदानाची दिशा बदलू शकते.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना एक कागद न्या. दुखणं कधी सुरू झालं, कोणता सांधा, सकाळचा ताठरपणा किती वेळ राहतो, आधी ताप किंवा चट्टा आला होता का, कुठे प्रवास झाला, घरात-शेजारी कुणाला असंच आहे का. निदान डॉक्टरांनीच करायचं आहे. पण तपासणीच्या खोलीबाहेर काय घडलं, हे त्यांना तुमच्याशिवाय कोण सांगणार? पॉली मरे यांनी नेमकं तेवढंच केलं होतं, आणि ऐकून घेतलं जाईपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.