जुन्या गाडीला टर्बो : ताकद, उष्णता आणि कायदा

गोव्यातून गाणगापूरला जाणाऱ्या गाडीची एकाच प्रवासात दोनदा कसोटी लागते. पहिली चोर्ला घाटात. सत्तरीतील केरी गाव मागे पडले की रस्ता समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीपर्यंत चढत जातो. पाच माणसे, सामान आणि वातानुकूलन यांच्या भाराखाली लहान पेट्रोल इंजिन तेथे दुसऱ्या गिअरवर येते. दुसरी कसोटी बेळगाव, विजयपूर, सिंदगी, अफझलपूर या सपाट पठारावर लागते. चढ नसला तरी एप्रिल-मे महिन्यांत कलबुर्गी जिल्ह्यात पारा चाळीस अंशांच्या वर असतो आणि गाडी तासन्‌तास वेगात धावत असते. पहिल्या कसोटीला कंटाळलेल्या वाहनधारकाच्या मनात बाहेरून टर्बो बसवून घेण्याचा विचार येतो. मात्र अशा टर्बोची खरी परीक्षा दुसऱ्या टप्प्यात, पठारावरील उन्हात होते. म्हणून निर्णयापूर्वी त्यामागचे तंत्र आणि कायदा दोन्ही समजून घेणे हिताचे ठरते.

टर्बो काय करतो?

इंजिनाची ताकद त्यात किती इंधन जळते यावर अवलंबून असते आणि इंधन जळण्यासाठी त्या प्रमाणात हवा लागते. साधे इंजिन वातावरणाच्या दाबावर मिळेल तेवढीच हवा ओढून घेते. चोर्ल्याच्या माथ्यावर हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी विरळ असते, त्यामुळे ताकदही जवळपास तेवढीच घटते. दुसरीकडे, इंधनातील साधारण एक तृतीयांश ऊर्जा सायलेन्सरवाटे तप्त वायूच्या रूपाने वाया जाते. टर्बो ही वाया जाणारी ऊर्जा वापरतो. बाहेर पडणारा वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. लहान गाड्यांच्या टर्बोमध्ये हा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची याने 1905 मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. आरंभी तिचा उपयोग जहाजांच्या व रेल्वेच्या डिझेल इंजिनांत आणि उंचावरून उडणाऱ्या विमानांत झाला. प्रवासी मोटारींमध्ये टर्बो आला तो 1962 मध्ये, अमेरिकेत.

जेटफायरचा धडा

त्या वर्षी आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर या मोटारीची हकिगत आजही उपयोगी आहे. तिच्या साडेतीन लिटर इंजिनाचे कॉम्प्रेशन गुणोत्तर 10.25 होते, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण मुळातच दहापटीहून अधिक दाबले जात होते. त्यात टर्बोने आणखी हवा कोंबल्यावर मिश्रण वेळेआधीच स्वतःहून पेटण्याचा धोका निर्माण झाला. यालाच गॅरेजच्या भाषेत नॉकिंग म्हणतात. ते टाळण्यासाठी कंपनीने मिथेनॉल व शुद्ध पाण्याचे मिश्रण इंजिनात सोडणारी स्वतंत्र टाकी दिली. अनेक मालकांनी ती टाकी वेळेवर भरलीच नाही. तक्रारी वाढल्या, 1963 नंतर हे मॉडेल बंद झाले आणि पुढे अनेक गाड्यांवरील टर्बो काढून तेथे साधा कार्ब्युरेटर बसवण्यात आला.

टर्बोविना विकल्या जाणाऱ्या आजच्या अनेक पेट्रोल गाड्यांचे कॉम्प्रेशन गुणोत्तर दहा ते अकराच्या दरम्यान असते. म्हणजे बाहेरून टर्बो बसवणाऱ्यासमोर जेटफायरच्या अभियंत्यांपुढचाच प्रश्न उभा राहतो. तो सोडवण्याची जबाबदारी मात्र एखाद्या कंपनीऐवजी गॅरेजवर आणि मालकावर येते.

उष्णतेचा हिशेब

हवा दाबली की तापते. बाहेर चाळीस अंश तापमान असताना टर्बोने अर्धा बार अधिक दाब दिला, तर त्यातून बाहेर पडणारी हवा सुमारे 95 अंशांवर जाते. ती तशीच इंजिनात गेली तर नॉकिंग जवळपास ठरलेले. म्हणून मध्ये इंटरकूलर लागतो. बाहेरच्या वाऱ्यावर ही हवा थंड करणारा तो एक प्रकारचा रेडिएटरच. चांगल्या इंटरकूलरने तापमान 55 अंशांपर्यंत उतरले, तर सिलिंडरमध्ये पूर्वीपेक्षा साधारण चाळीस टक्के अधिक हवा भरते. प्रत्यक्षात ताकदीची वाढ त्याहून कमी मिळते, कारण नॉकिंग टाळण्यासाठी ठिणगी उशिरा द्यावी लागते आणि इंधनाचे प्रमाण वाढवावे लागते.

कारखान्यातील वाढ किती असते, याचे उदाहरण टाटा अल्ट्रोझचे घेता येईल. तिचे 1199 घनसेंटिमीटरचे साधे पेट्रोल इंजिन तेव्हा 86 अश्वशक्ती देत होते. जानेवारी 2021 मध्ये आलेल्या त्याच क्षमतेच्या टर्बो इंजिनाची ताकद 110 अश्वशक्ती होती. चाचणीची सारी साधने हाताशी असलेली कंपनी अशा ठिकाणी सव्वा ते दीडपटीच्या आत थांबते. त्यामुळे ‘दुप्पट ताकद’ देण्याच्या आश्वासनाकडे सावधपणेच पाहावे.

टर्बोबरोबर काय काय बदलावे लागते?

टर्बो हा सुटा भाग म्हणून विकत मिळतो, पण तो एकटा बसत नाही. पुढील कामे टाळली तर आज ना उद्या इंजिन निकामी होते.

• आधी तपासणी : प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. झिजलेल्या रिंगा, जुने हेड गॅस्केट किंवा तेल जाळणारे इंजिन वाढीव दाब सोसत नाही.

• एक्झॉस्ट मॅनिफोल्ड : पेट्रोल इंजिनात टर्बोपाशी वायूचे तापमान नऊशे अंशांच्या वर जाऊ शकते. पातळ पत्र्याचे किंवा निकृष्ट वेल्डिंगचे मॅनिफोल्ड या उष्णतेत तडकते. जवळच्या वायरिंगला आणि रबरी नळ्यांना उष्णतारोधक आवरणही हवे.

• ऑईल : टर्बोचा दांडा ऑईलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑईल दाबाने पोहोचवणारी नळी आणि ते परत नेणारी रुंद नळी, दोन्ही नीट लागतात. परतीची नळी उतरती नसली तर ऑईल साचून सीलमधून झिरपते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो.

• इंधन : हवा वाढली तर पेट्रोलही वाढले पाहिजे. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एका भागास 14.7 भाग हवा लागते, पण टर्बोच्या पूर्ण दाबाखाली साधारण बारा भागांच्या आसपास राहावे लागते. त्यासाठी मोठे इंजेक्टर व सक्षम पंप लागतो. इंधन कमी पडले तर पिस्टन वितळण्यापर्यंत पाळी येते.

• ईसीयू : इंधन आणि ठिणगी यांची नवी मांडणी संगणकात भरावी लागते. हे काम अंदाजाने होत नाही. गाडी डायनोवर चालवून आणि हवा-इंधनाचे प्रमाण मोजूनच ते करावे लागते.

• वेस्टगेट, क्लच, ब्रेक : ठरलेल्या मर्यादेपलीकडे दाब जाऊ न देणारी वेस्टगेट ही झडप बिघडली तर इंजिनाला संरक्षण उरत नाही. वाढीव जोराने क्लच प्लेट घसरते, आणि वाढलेल्या वेगासाठी ब्रेकही तसेच हवेत.

या यादीमुळेच टर्बोच्या किटची किंमत आणि एकूण खर्च यांत मोठी तफावत पडते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी किंवा एलपीजी किट कायदेशीर असते, मग टर्बो का नाही, असा प्रश्न अनेकांना पडतो. इंधन बदलणाऱ्या मान्यताप्राप्त किटसाठी कायद्यातच वेगळी तरतूद आहे. बाहेरून बसवलेल्या टर्बोला तशी सवलत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये, केरळमधील एका प्रकरणात, उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ नुसार अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा केंद्रीय कायदा असल्याने चोर्ल्याच्या अलीकडे गोव्यात आणि पलीकडे कर्नाटकात तो सारखाच लागू आहे. पीयूसी प्रमाणपत्र मिळाले म्हणजे बदल वैध झाला, ही समजूतही चुकीची आहे. ते प्रमाणपत्र फक्त धुराच्या चाचणीचे असते.

विम्याचा मुद्दा अधिक गंभीर आहे. कंपनीला न कळवता इंजिनात बदल केला असेल, तर अपघातानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईचा दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. नव्या गाडीची उत्पादकाची वॉरंटीही इंजिनापुरती धोक्यात येते. कुटुंबासह दूरच्या यात्रेला निघालेल्या माणसासाठी ही जोखीम दंडाच्या रकमेपेक्षा कितीतरी मोठी आहे.

पर्याय कोणते?

बंदिस्त शर्यतमार्गावर चालवण्यासाठी, रस्त्यावर न आणायच्या गाडीत टर्बो बसवणे हा वेगळा विषय आहे. रोजच्या वापराच्या गाडीसाठी मात्र कारखान्यातूनच टर्बो बसवून आलेली गाडी घेणे हा सरळ मार्ग. तिचे पिस्टन, शीतकरण, गिअरबॉक्स आणि ईसीयू एकमेकांना जुळतील असेच बनवलेले असतात, आणि नोंदणी व विमाही त्याच तपशिलावर असतो.

असलेली गाडीच ठेवायची असेल तर स्वच्छ एअर फिल्टर, वेळेवर बदललेले स्पार्क प्लग, टायरांमध्ये योग्य हवा आणि कमी सामान यांनी घाटात फरक जाणवतो. तीव्र चढावर वेळीच खालचा गिअर घेणे व थोडा वेळ वातानुकूलन बंद ठेवणे हेही उपयोगी पडते.

कारखान्याचा टर्बो असलेल्या गाडीलाही उन्हाळ्यातील लांबच्या प्रवासात शिस्त हवी. उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचे ऑईल मुदतीत बदलावे. इंजिन सुरू करताच जोरात ॲक्सिलरेटर दाबू नये. वेगात चालवून थांबल्यावर, मग ते सिंदगीतील चहासाठी असो वा गाणगापूरला मुक्कामी पोहोचल्यावर, इंजिन मिनिटभर तसेच चालू ठेवून मग बंद करावे. तापलेल्या टर्बोत ऑईलचा प्रवाह एकदम थांबला तर ते जळून बेअरिंगवर काजळी धरते. निळा धूर, शिट्टीचा बदललेला आवाज किंवा चढावर अचानक घटलेली ताकद आढळली, तर पुढचा पल्ला गाठण्यापूर्वी गाडी मेकॅनिकला दाखवावी.