फडताळ गेले, पेटी आली

इतिहास म्हटला की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर किल्ले, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते, म्हणून हा अनुभव रोजचा आहे. आठ-दहा माणसांचे कुटुंब एका खोलीत राहत होते तेव्हा त्यांचे कपडे कुठे राहत होते, हा प्रश्न कोणत्याही पाठाखाली येत नाही. उत्तरपत्रिकेत त्याला गुण नाहीत. पण मुंबई, भिवंडी, मालेगावच्या आपल्या मोहल्ल्यांचा खरा इतिहास लिहायचा झाला तर या प्रश्नाला टाळून पुढे जाता येणार नाही.

आधी शब्दांकडे पाहू. संदूक अरबीतून आला, ताक फारसीतून, बुकचा तुर्कीतून आणि अलमारी पोर्तुगिजांकडून. मराठीतले बोचके ध्वनीने आणि अर्थाने बुकच्याच्या अगदी जवळचे आहे. कपाट हा तर संस्कृत शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ दार. म्हणजे कपडे ठेवण्याची साधने देशोदेशींहून आपल्या घरात आली आणि एकाच भिंतीला टेकून बसली.

बोचके हे गरिबाचे लक्षण, असे आपण समजतो. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बादशाही तोशाखान्याचे वर्णन केले आहे. दर हंगामात बादशहासाठी एक हजार पोशाख तयार होत आणि १२० पोशाख १२ गाठोड्यांत बांधून कायम तयार ठेवले जात. आलेल्या वस्तूंची नोंद होई; दिवस, किंमत, वजन आणि रंग यांप्रमाणे त्यांचा क्रम लागे. हिंदुस्थानच्या बादशहाचे कपडेही घडी घालून गाठोड्यातच राहत होते. याचे कारण साधे आहे. जामा, पायजमा, लुगडे, ओढणी हे सारे घडीचे कपडे. खांद्याला आधार देऊन टांगावे लागते ते कोटाला. फरक एवढाच, की बादशहाकडे गाठोड्यांसाठी वेगळे दालन होते आणि दालन सांभाळायला माणसे होती.

सामान्य माणसाच्या गावाकडच्या घरात हे काम भिंत करीत असे. माती-दगडाची भिंत हात-दीड हात जाड असायची. तिच्या पोटात कोनाडा निघे, दिव्यासाठी ताक निघे आणि दोन फळ्या टाकून दार लावले की फडताळ तयार होई. त्यासाठी जमिनीवरची वीतभरही जागा खर्च होत नसे. कोकणातल्या, खानदेशातल्या, मराठवाड्यातल्या जुन्या घरांत अशी फडताळे अजून पाहायला मिळतात.

मुंबईत आल्यावर ही जाड भिंत हरवली.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीची वस्ती हे त्याचे कारण ठरवून सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापला. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले आणि आग्रीपाड्यासारख्या भागांत चाळी बांधल्या. १९११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची ६९ टक्के लोकसंख्या एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होती. पुढे १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे २०७ इमारतींच्या बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या, खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट. मदनपुरा, नागपाडा, डोंगरीच्या खाजगी चाळींतल्या खोल्याही याहून फारशा मोठ्या नव्हत्या. हवा किती हवी, उजेड किती हवा, याचा हिशेब प्लेगने सरकारला शिकवला होता. माणसाजवळ ईदचा एक जोडा, लग्नाचे चार कपडे आणि पावसाळ्याची घोंगडी असते, याचा हिशेब नकाशात कुठेच नव्हता. भिंती पातळ होत्या. त्यांतून फडताळ निघणे शक्य नव्हते.

मग घरातल्या बायांनी तो नकाशा पुरा केला. पलंगाचे चार पाय विटांवर चढले आणि खाली पेट्यांची रांग लागली. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी किंवा बांबू गेला. कुणी त्याला वळणी म्हणे, उर्दू बोलणाऱ्यांच्या घरात ती अलगनी. रोजचे कपडे तिच्यावर राहत, पाहुणे आले की तिच्यावरच चादर टाकून पडदा होई आणि एका खोलीच्या दोन खोल्या होत. काँक्रीटच्या भिंतीत खिळा शिरत नाही, म्हणून आधी भोक पाडून त्यात लाकडाची गुल्ली ठोकायची आणि मग तिच्यात खिळा मारायचा. दारामागचा खिळा बुरख्याचा. जादा कपडे उशीच्या अभ्र्यात भरले की दिवसा लोड आणि रात्री उशी. शाळेची पँट पाण्याचा हात फिरवून गादीखाली घातली की सकाळी इस्त्री झालेली. अंथरुणे एका चादरीत बांधली की कोपऱ्यात बैठक तयार. जे वर्षातून एकदाच लागते ते माळ्यावर. वापरून विरलेले लुगडे गोधडीत जाई, म्हणजे कपडा संपल्यावरही जागा अडवत नसे.

पावसाळ्यात मात्र या साऱ्या व्यवस्थेची परीक्षा होई. ओले कपडे खोलीतच वाळत आणि त्यांना रॉकेलच्या स्टोव्हचा, फोडणीचा वास लागे. पेटीत कडुनिंबाची वाळलेली पाने किंवा डांबराच्या गोळ्या टाकाव्या लागत. ऊन पडले की पेट्या गॅलरीत उघड्या होत. बादशहाच्या तोशाखान्यातल्या सेवकांचे काम इथे एकच बाई करी, आणि तिच्या कामाची नोंद करणारा अबुल फजल तिला मिळाला नाही.

यातली मोठी विसंगती विणकरांच्या घरात दिसते. १८५७ च्या उठावानंतर आझमगढ, मऊ, बनारस या बाजूंचे मोमीन विणकर दक्षिणेकडे निघाले आणि मालेगाव, भिवंडी, मदनपुऱ्यात वसले. येताना त्यांच्या पाठीवर बोचके होते. हातमाग घरातच असे, म्हणून घराची उत्तम जागा, उत्तम उजेड मागाला मिळे. त्यावर विणलेली लुगडी बाजारात जात आणि महाराष्ट्रभरच्या पेट्या भरत. विणणाऱ्याचे स्वतःचे कपडे मात्र मागाच्या वर बांधलेल्या दोरीवर राहत. यंत्रमाग आले तेव्हा घराघरांत मागाने आणखी जागा घेतली, आणि दोरीवरच्या कपड्यांवर कापसाची धूळ बसू लागली. कापड पिकवणाऱ्याच्या घरात कपड्याला जागा नाही, ही गोष्ट आपल्या कामगारांच्या इतिहासात पहिल्या पानावर यायला हवी.

एकट्या पुरुषांची कथा वेगळी. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती खलाशांचे धोबीतलावाजवळचे कूड प्रसिद्ध आहेत. तिथे भिंतीलगत मांडलेली पेटी हेच ज्याचे त्याचे घर. रत्नागिरी, रायगडच्या आपल्या कोकणी खलाशांनीही गावच्या जमातीच्या खोल्यांत असेच दिवस काढले. जहाजावरून उतरायचे, पेटी भिंतीशी लावायची, पुढचे जहाज मिळेपर्यंत तिच्याशेजारी झोपायचे. हाजींच्या पेट्याही याच बंदरातून जहाजाने जेद्द्याला जात. १९९५ मध्ये ती जहाजे बंद झाली.

पण पेटीचा खरा अर्थ कळतो तो बाईच्या पेटीत. जहेजमध्ये आलेली पत्र्याची पेटी ही त्या खोलीत केवळ तिच्या मालकीची एकमेव जागा होती. किल्ली ओढणीच्या टोकाला. वर लग्नाचा जोडा, मध्ये मुलांची बाळुती, तळाशी हजहून कुणी आणलेले, जमजममध्ये भिजवून वाळवलेले कफनाचे कापड. पाळण्यापासून कबरीपर्यंतचा सारा हिशेब तीन फुटांत. घडीखाली लपवलेल्या नोटा, रेशनकार्ड, निकाहनामा, भाड्याच्या पावत्या. एका खोलीत ज्या बाईला कपडे बदलायलाही आडोसा शोधावा लागे, तिला हक्काचा एकांत मिळे तो या झाकणाखाली. पुढे कुटुंबे गोदरेजचे लोखंडी कपाट हप्त्याने घेऊ लागली. कपाट घरातल्या सगळ्यांचे झाले, आणि पुष्कळदा त्याची किल्ली कर्त्या पुरुषाच्या खिशात गेली. सोय वाढली हे खरे, पण हाही हिशेब मांडला पाहिजे.

१९९२-९३ च्या दंगलीत मुंबईत घरे जळाली तेव्हा त्यांतल्या पेट्याही जळाल्या. कपडे पुन्हा शिवता आले. त्यांच्या घडीखाली ठेवलेले कागद पुन्हा मिळवण्यासाठी माणसांना कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. गरिबाचे दफ्तरखाने त्याच्या कपड्यांच्या पेटीतच असतात, हे तेव्हा दिसले.

आता चाळी पडत आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांवरून ५०० फूट, ही आनंदाचीच गोष्ट आहे आणि ती प्रत्येक मोहल्ल्याच्या वाट्याला यावी. पण नव्या घरात जाताना जुनी पेटी भंगारवाल्याला वजनावर दिली जाते. तिच्याबरोबर कोणत्या कोपऱ्यात काय राहत होते, कुणाचा जोडा वर आणि कुणाचा खाली होता, ही माहितीही जाते. ती कोणत्याही दफ्तरात नाही. ती आपल्या आजींच्या, नानींच्या तोंडी आहे. त्या आहेत तोवर त्यांच्याशेजारी बसून पेटी एकदा उघडून घ्यावी, एकेक घडी काढताना त्या जे सांगतील ते लिहून घ्यावे. इतिहासाच्या शिक्षकाला याहून विश्वासू साधन मिळणार नाही.