भूमध्य समुद्राची सफर : जहाज कोणत्या बंदरात गाठावे?

बेळगाव-निपाणी भागातून भूमध्य समुद्राच्या सफरीला निघणाऱ्यांनी जहाजाच्या भाड्याबरोबरच विमानभाडेही पाहावे. बंदर गैरसोयीचे निघाले, तर स्वस्त जहाजावर वाचलेले पैसे विमानातच जातात.

सांबरा विमानतळावरून युरोपला विमान नाही. त्यामुळे मुंबई, बेंगळूर आणि चोर्ला घाटापलीकडील मोपा येथून त्याच तारखांचे परतीसह भाडे ताडून पाहावे. निपाणीकरांना महामार्गामुळे मुंबई सोयीची पडते.

बार्सिलोनाचे धक्के शहरालगतच आहेत. जाहिरातीतले ‘रोम’ मात्र प्रत्यक्षात सिव्हिताव्हेक्किया. ते रोमपासून सुमारे ७० किलोमीटरवर आहे. अथेन्सचे पिरेअस बंदर २०२२ पासून विमानतळाशी थेट मेट्रोने जोडलेले आहे. एका बंदरात चढून दुसऱ्यात उतरायचे असल्यास सुटी एकेरी तिकिटे महाग पडू शकतात. जाण्यायेण्याची वेगळी शहरे एकाच तिकिटात बसवून मागावीत.

खरा धोका घराजवळच असतो. सांबऱ्याहून मुंबईचे तिकीट स्वतंत्र काढले आणि ते विमान रखडले, तर पुढील विमान कंपनीवर जबाबदारी येत नाही. जहाज तर थांबतच नाही. शक्यतो सारा प्रवास एकाच आरक्षणात घ्यावा, आदल्या दिवशीच बंदराच्या शहरी पोहोचावे आणि त्या मुक्कामाचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

स्पेन, इटली व ग्रीससाठी एकच शेंगेन व्हिसा चालतो. जहाज मध्येच तुर्कस्तानला लागणार असेल, तर तो अनेक प्रवेशांचा हवा. तुर्कस्तानच्या व्हिसाचा नियम जहाज कंपनीकडून पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावा.